ट्रान्सप्लांटनंतरचे छोटे टप्पे घरच्यांनी कसे साजरे करावेत

डिस्चार्जची तारीख धरून काहीही ठरवू नका. ताप आला किंवा बायोप्सी करावी लागली की घरी जाणं लांबतं. मग आधीच ठरलेला कार्यक्रम रद्द करताना पेशंटला वाटतं, आपल्यामुळे सगळ्यांचा हिरमोड झाला. बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटचा शंभरावा दिवस, जो मोठा टप्पा मानतात, तोसुद्धा हॉस्पिटलातच उजाडू शकतो. त्यापेक्षा एखादी गोष्ट प्रत्यक्ष घडली की त्याच दिवशी ती साजरी करा.

अशा गोष्टी भरपूर असतात. किडनी ट्रान्सप्लांटनंतर लघवीची नळी निघते, पेशंट आधाराशिवाय वॉर्डच्या टोकापर्यंत चालतो, काही आठवड्यांनी आतला स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी) काढतात. बोनमॅरोनंतर न्यूट्रोफिल्स (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की नव्या पेशी रुजल्या असं डॉक्टर धरतात. हा खरा मोठा टप्पा. गोळ्यांचा आठवड्याचा डबा पेशंटने स्वतः, न चुकता भरला, तर तोही मोजा. आमच्या मते सर्वांत कमी दाद मिळते ती तपासण्या कमी होण्याला. आठवड्यातून दोनदा रक्त द्यावं लागत होतं ते एकदाच झालं, याचा अर्थ डॉक्टरांचा विश्वास वाढला आहे.

एका रिपोर्टवर मात्र आनंद करू नका. क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते दाखवणारा रक्तातला घटक) पाणी कमी प्यायल्यानेही वर जातं. आज १.२ आलं म्हणून जल्लोष केला, तर पुढच्या वेळचं १.४ घरभर धसका बसवतं. सलग तीन रिपोर्ट स्थिर आले की मग साजरं करा.

कार्यक्रम अर्ध्या तासाचा पुरे, माणसं दोन-तीनच. सुरुवातीला थकवा फार लवकर येतो, आणि स्टेरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड होते. म्हणून "आज नको" म्हटलं की तिथेच थांबायचं, आग्रह नाही. टॅक्रोलिमसच्या (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळीच्या) बारा तासांच्या वेळा कशासाठीही हलवू नका. या औषधाची रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची असते, तेव्हा त्या दिवशीचं जे काही असेल ते गोळी घेऊन झाल्यावर.

बहुतेक चुका प्रेमापोटी आणलेल्या वस्तूंमुळे होतात. ताजी फुलं आणि मातीच्या कुंड्या नकोत, कारण त्यांत बुरशी असते आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला तिचा फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. धूरही टाळा. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांमुळे टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन रक्तात वाढतात, म्हणून ती फळं रसातूनही द्यायची नाहीत. स्टेरॉइडने साखर चढते, तेव्हा गोड अगदी थोडं. अन्न ताजं शिजवलेलं असावं, दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं नको. केक असेल तर त्यावर कुणी फुंकर मारू नये. सर्दी, खोकला, जुलाब असलेल्यांनी किंवा कांजिण्यांच्या संपर्कात आलेल्यांनी व्हिडिओ कॉलवरच यावं. बाकीच्यांनी आल्याआल्या साबणाने वीस सेकंद हात धुवावेत.

घरातल्याच कुणी अवयव दिला असेल तर त्यांचे टप्पे सहज विसरले जातात. त्यांचंही ऑपरेशन झालेलं असतं. त्यांचे टाके निघाले, ते कामावर परतले, हे वेगळं साजरं करा. अवयव मृत दात्याचा असेल, तर आनंद करताना काही पेशंटना अपराधी वाटतं. तेव्हा आधी विचारा. दोन मिनिटं दात्याची आठवण काढायची असेल तर काढू द्या.

प्रत्येक टप्पा एका वहीत तारखेसह लिहा. पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं तरी जुन्या नोंदी खोडू नका. नवीन टप्पे आणखी छोटे धरा: खुर्चीत बसणं, अर्धी वाटी खाणं. आणि ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर कार्यक्रम चालू असला तरी थांबवून लगेच ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. त्यांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, त्याने ताप झाकला जातो.