गाडगेबाबांचे व्यक्तिचित्र: उजेड, रंग आणि खुणा

गाडगेबाबांचे चित्र रंगवू लागलेल्या नवख्या हाताकडून पहिली चूक होते ती मस्तकामागच्या सोनेरी वलयाची. ज्या संताने (१८७६ ते १९५६) कीर्तनांतून अंधश्रद्धेवर कोरडे ओढले आणि कुणाला पाया पडू दिले नाही, त्याच्यामागे असे वलय मला तरी विसंगत वाटते. त्यापेक्षा उजेड बाहेरूनच येऊ द्यावा.

त्यासाठी कुंभाराकडून खरे खापर आणून ते कुणाच्या तरी डोक्यावर पालथे ठेवावे आणि त्याला उत्तरेच्या खिडकीशी बसवावे, कारण तिथून सहसा थेट ऊन येत नाही. पण नागपूरसारखे ठिकाण कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तिथे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेकडे असतो; त्या दिवसांत खिडकीवर पांढरे धोतर ताणून ऊन गाळून घ्यावे. उजेड फार वरून आला तर खापराच्या काठाची सावली डोळ्यांवर पडून नजर हरवते, आणि खालून आला तर चेहरा भेसूर दिसतो, म्हणून तो एका बाजूने, डोळ्यांच्या पातळीहून थोडासाच वर असावा.

चिंध्यांच्या अंगरख्याची गोधडी होऊ देऊ नये. आधी सगळ्या वस्त्रावर करडा-तपकिरी असा एकच मध्यम रंग द्यावा आणि मग प्रत्येक ठिगळ त्याहून जरासे उबदार किंवा जरासे थंड करीत जावे. नळीतला काळा रंग बाजूला ठेवून बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळल्यास सावली खोल होते, पण मरत नाही. सर्वांत तेजस्वी तांबूस छटा, म्हणजे बर्न्ट सिएना, खापरासाठीच राखावी. दाढी सावलीत निळसर करडी ठेवून शुद्ध पांढऱ्याचे दोन-तीनच फटकारे द्यावेत.

बाबांच्या एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच असे. टाकाऊ वस्तूच त्यांचे अलंकार होते, पण चेहरा तिरपा घेतला की एकच कान नीट दिसतो, म्हणून निवड करावी लागते. मी कवडी घेतो, कारण काचेवर चमक दिली की लांबून ती रत्नासारखी भासते आणि खुणेचा अर्थच उलटतो. चित्रात झाडू घ्यायचा असेल तर त्याचे टोक अंधारात विरू द्यावे. उजेड पडावा तो मुठीवर, बोटांच्या पेरांवर.