यील्डचा उलटा हिशेब : कच्चा माल किती घ्यायचा?
एम.एस्सी. करून औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत रुजू होणाऱ्या बहुतेकांना यील्ड (हिशेबाने मिळायला हवा त्याच्या शेकडा किती पदार्थ प्रत्यक्ष हाती आला) काढता येते, कारण परीक्षेत एवढे घेतले, तेवढे मिळाले, तर शेकडा उत्पादन किती, असेच विचारले जाते. कामावर प्रश्न उलटा असतो: अमुक इतका पदार्थ हवा आहे, तर कच्चा माल किती घ्यायचा? नव्याने आलेल्यांना हे समजावताना मी अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण घेतो, कारण ते अनेकांनी पदवीच्या प्रात्यक्षिकात स्वतः बनवलेले असते.

समजा, ५० ग्रॅम अ‍ॅस्पिरिन हवे आहे आणि यील्ड ८० टक्के येते. २० टक्के वाया जाते, म्हणून २० टक्के वाढवून ६० ग्रॅमचा हिशेब धरावा, हे उत्तर हमखास ऐकू येते. पण ६० चे ८० टक्के ४८ च होतात. यील्ड ५० टक्के असेल, तर याच रीतीने ७५ धरून हाती साडेसदतीसच ग्रॅम येतील. म्हणून ५० ला ०.८० ने भागून ६२.५ ग्रॅम हे सैद्धांतिक उत्पादन, म्हणजे काहीच वाया गेले नाही तर मिळेल तेवढे, धरावे. त्याला १८०.१६ या रेणुभाराने भागले की ०.३४७ मोल (रेणूंची संख्या मोजायचे एकक) मिळतात, आणि सॅलिसिलिक आम्ल या मुख्य कच्च्या मालाच्या एका मोलपासून एकच मोल बनत असल्याने, त्याच्या १३८.१२ या रेणुभाराने गुणून ते ४७.९ ग्रॅम येते.

अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड हा दुसरा कच्चा माल मुद्दाम जास्त घेतात. दुप्पट मोल घ्यायचे ठरले, तर याच ०.३४७ ची दुप्पट करून सुमारे ७१ ग्रॅम, म्हणजे ६६ मिलिलिटर मोजावे; त्याला पुन्हा ०.८० ने भागू नये, कारण यील्डचा हिशेब मर्यादक अभिकारकावर, म्हणजे जो आधी संपतो त्या सॅलिसिलिक आम्लावर, आधीच होऊन गेलेला असतो. शुद्धतेचा भागाकार मात्र वेगळा करावा लागतो: सॅलिसिलिक आम्ल ९८ टक्के शुद्ध असेल, तर ४७.९ ऐवजी ४८.९ ग्रॅम तोलावे.

खरी अडचण आकडेमोडीत नसते, ते ८० टक्के कुठून आले यात असते. गाळून नुकत्याच काढलेल्या ओलसर मालाचे वजन, वाळवलेल्या मालाचे आणि पुनर्स्फटिकीकरणानंतरचे (विरघळवून पुन्हा स्फटिक करून शुद्ध केल्यानंतरचे) वजन, या तिन्हींवरून तीन निरनिराळी यील्ड निघतात. भागाकारासाठी शेवटचेच वापरावे, तेही शक्यतो आपल्याच प्रयोगशाळेतल्या, जवळपास तेवढ्याच आकाराच्या बॅचचे. त्या नमुन्याला फेरिक क्लोराइडने जांभळा रंग आला असेल, तर त्या वजनात अभिक्रिया न होता उरलेले सॅलिसिलिक आम्लही आहे, आणि नोंदवहीत यील्ड कितीही चांगले दिसत असले तरी तो आकडा पुढच्या बॅचसाठी घेऊ नये.