मॉनिटर बघायला जाताना लॅपटॉप सोबत न्या

सांगलीत विश्रामबागला मॉनिटर बघायला गेलात की दुकानदार आधी डोंगर-धबधब्यांचा व्हिडिओ लावणार. त्यात सगळेच झकास दिसतात. तुम्ही तुमचा लॅपटॉप जोडा, रोजची कोडची फाईल उघडा आणि हातभर अंतरावरून वाचा. २४ इंचाला १९२०×१०८० रिझोल्यूशन (पडद्यावरचे आडवे × उभे ठिपके, म्हणजे पिक्सेल) चालून जातं, इंचाला साधारण ९२ पिक्सेल पडतात. तेच रिझोल्यूशन २७ इंचावर ताणलं की ८२ वर येतं. मग स्वल्पविराम की अर्धविराम हे बघायला मान पुढे काढावी लागते. २७ घ्यायचाच तर २५६०×१४४०, म्हणजे १०९ पिक्सेल. पॅनल आयपीएस बघा, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा. १४४ हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यासाठी, जादा पैसे मोजू नका, ते गेमवाल्यांचं काम.

स्टँडकडे मात्र कुणी बघत नाही. माझा पहिला मॉनिटर नुसता मागे-पुढे कलायचा. दोन वर्षं तो वडिलांच्या जुन्या हिशेबवह्यांवर बसला होता, तेव्हा कुठे वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. उंची कमी-जास्त होणारा स्टँड परवडत नसेल तर निदान पाठीमागे व्हेसाची (आर्म बसवायची, ठरावीक मापाची) चार भोकं आहेत ना, एवढं बघून घ्या. आर्म, म्हणजे मॉनिटर धरणारा हलता हात, नंतरही लावता येतो.