मुलांसोबत हॅलोविनचा पोशाख घरी करताना या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी एकदा तरी फॅन्सी ड्रेसमध्ये टोमॅटो, झाड किंवा टिळक होऊन स्टेज गाठलेलं असतं. आई ढकलते, आपण माईकसमोर दोन वाक्यं पुटपुटतो, टाळ्या पडतात, संपलं. फेविकॉलने चिकटवलेली पानं तेवढा वेळ टिकतात आणि टिकली नाहीत तरी कुणी बघत नाही. अमेरिकेत आलेले आपण मराठी आईबाप हॅलोविनची तयारी करायला बसतो, तेव्हा नकळत तेच स्टेज डोळ्यांसमोर असतं. पण 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलाला घरोघरी चॉकलेट मागत दीड-दोन तास रस्त्यावर चालायचं असतं, अनोळखी घरांच्या पायऱ्या चढायच्या असतात, एका हातात चॉकलेटची बादली धरायची असते आणि मधेच शू लागते. पोशाख फसतो तो बहुतेक वेळा इथे. कल्पना छानच असते, चालण्याचा विचार राहून गेलेला असतो.

कल्पना कुणाची?

सप्टेंबरात मूल म्हणतं, मला लिफ्ट व्हायचंय. आपण म्हणतो, लिफ्ट काय, वासुदेव हो, मोरपिसांची टोपी किती छान दिसेल! वासुदेव छानच दिसेल, पण प्रत्येक दारात "आणि तू कोण?" हा प्रश्न येणार आणि उत्तर मुलाला द्यायचंय. त्याला ते सांगण्यात मजा वाटत असेल तर जरूर करा. नसेल तर लिफ्टच करा. पुठ्ठ्याची दोन दारं, छातीवर मजल्यांची बटणं, बटण दाबलं की मूल दार उघडतं. अशी कल्पना आपल्याला सुचणार नाही, मुलालाच सुचते.

चार-पाच वर्षांची मुलं दर आठवड्याला बेत बदलतात. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कात्री हातात घेऊच नका, तोवर नुसती चित्रं काढू द्या. दिवाळी त्याच सुमारास येते, 2024 मध्ये तर अनेक घरांत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी होतं. अशा वर्षी फराळ आणि पोशाख एकाच रात्री संपवायचा हट्ट नको. पोशाख आठवडाभर आधी तयार हवा.

खोक्याची गणितं

घरगुती पोशाखांत खोक्याचे पोशाख सर्वांत कल्पक होतात, आणि सर्वांत जास्त फसतातही तेच. समजा सहा-सात वर्षांच्या मुलाला मुंबईची काळी-पिवळी रिक्षा व्हायचंय.

पहिली चूक असते खोक्याच्या मापाची. घर बदलताना आणतो तसलं मोठं खोकं उचललं जातं, त्यात मूल उभं राहतं, फोटो मस्त येतो. पण दोन्ही हात पुढे आणून तळवे जुळवायला सांगा. जुळत नसतील तर ते मूल चॉकलेट घेऊ शकणार नाही, पडलं तर स्वतःला सावरूही शकणार नाही. खोकं उलगडा, उभं कापा आणि खोली कमी करून परत जोडा. खालची कड गुडघ्याच्या चार बोटं वर हवी, नाहीतर पायरी चढताना मांडी पुठ्ठ्यावर आपटते आणि मूल आडवं चालायला लागतं.

दुसरी चूक पट्ट्यांची. सुतळी खांद्यात रुतते. जुन्या दप्तराचा पट्टा किंवा साडीचा जाड काठ दुहेरी करून वापरा आणि पाठीवर फुलीसारखा ओलांडून बांधा, म्हणजे खांद्यावरून घसरत नाही. भोक नुसत्या पुठ्ठ्याला पाडू नका, आतून-बाहेरून डक्ट टेप लावून मग पाडा. रिक्षाचं नाक पुढे आल्यामुळे सगळं खोकं पुढे झुकत असेल तर नाक कापायची गरज नाही. पुढचे पट्टे थोडे आखूड करा, रिक्षा सरळ होते.

आता टपाचा बाक. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये बारीक पन्हळी असतात. पन्हळींना समांतर वळवलं तर पुठ्ठा गोल येतो, आडवं वळवलं तर मोडतो आणि मोडलेली रेघ कितीही रंग दिला तरी दिसते. कापायच्या आधी पन्हळी कुठल्या दिशेला जातात ते कडेवर बघा, मग तुकडा टेबलाच्या काठावरून हलकेच ओढत वळवा. एक बाजू रंगवून रात्री ठेवलेला पुठ्ठा सकाळी पापडासारखा वाकडा झालेला सापडतो, कारण ओल एकाच अंगाला बसलेली असते. पातळ हात द्या आणि आतूनही एक हात मारा. डक्ट टेपवर मात्र पोस्टर कलर धरतच नाही, तिथे सरळ पिवळी नि काळी टेपच लावलेली बरी. पावसाची शक्यता असेल तर पारदर्शक पॅकिंग टेप आधी खालच्या कडेला लावा. पाणी तिथूनच पन्हळींत चढतं.

या सगळ्यात मुलाने काय करायचं? चाकं, दिवे, नंबर प्लेट, मागचं "हॉर्न ओके प्लीज". कटर मोठ्यांच्या हातात, ग्लू गन कमी तापमानाची आणि तीही आपण शेजारी असताना. चाक वाकडं झालं तर वाकडंच राहू द्या. मूल झोपल्यावर गुपचूप ते सरळ करणारे आईबाप असतात. सकाळी मुलाला ते लगेच कळतं, आणि मग ती रिक्षा त्याची राहत नाही.

थंडी विसरली जाते

माप सप्टेंबरच्या उकाड्यात टी-शर्टवर घेतलं जातं. न्यू जर्सी किंवा शिकागोत ऑक्टोबरच्या शेवटी जाकीट लागतं, आणि ते जाकीट पोशाखावर घातलं की आतलं वाघाचं अंग कुणालाच दिसत नाही. माप जाकीट घालूनच घ्या. लहान मुलांसाठी माझं मत ठाम आहे: साधी हुडी घ्या आणि तिलाच कान, शेपूट, पंख लावा. ऊब मिळते, डोक्यावरून काही घसरत नाही, बाथरूमला जाताना सगळं उतरवावं लागत नाही. कान ग्लूने न चिकटवता सुईदोऱ्याने टाका. थंडीत ग्लू कडक होतो आणि ओढला की निघतो. फ्लीसवर जास्त गरम ग्लू लावला तर कापडच वितळायची भीती.

गाडीने दुसऱ्या वस्तीत जाणार असाल तर फुगीर पोशाख कार सीटच्या पट्ट्याखाली नको. पट्टा घट्ट बसल्यासारखा दिसतो, पण आत ढिला असतो. पोशाख डिकीत टाका, पोहोचल्यावर चढवा.

अंधार, आग आणि चेहरा

अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, म्हणजे हॅलोविन त्याच्या आधी. तरी न्यू जर्सीत सहाच्या आसपास सूर्य मावळलेला असतो आणि खरी गर्दी त्यानंतरच होते. 1975 ते 2016 या 42 वर्षांतल्या अमेरिकेतल्या अपघातांचा एक अभ्यास जामा पीडियाट्रिक्स या बालवैद्यकाच्या नियतकालिकात आला होता. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा हॅलोविनच्या संध्याकाळी पादचारी मरण पावण्याचा धोका 43 टक्के जास्त निघाला. काळा झगा घातलेली चेटकीण गाडीवाल्याला दिसत नाही. गाडीच्या दिव्यात चमकणारी टेप शेवटी पाठीवर चिकटवली की कुरूप दिसते आणि मूल ती काढून टाकतं. म्हणून तिला पोशाखातच जागा द्या: रिक्षाची नंबर प्लेट, झग्याची किनार, रोबोटची बटणं.

मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही. चेहरा उघडा ठेवून टोपी आणि रंग वापरणं केव्हाही बरं. रंग त्वचेसाठी बनवलेलाच हवा. डब्यावर बिनविषारी लिहिलंय म्हणून चित्रकलेचा अ‍ॅक्रेलिक गालावर लावू नका. नवा फेस पेंट दोन-तीन दिवस आधी हातावर थोडा लावून बघा, पुरळ आलं तर त्या संध्याकाळी समजण्यापेक्षा आधी समजलेलं बरं.

दारात ठेवलेल्या कोरीव भोपळ्यांत अजूनही काही जण खरी मेणबत्ती लावतात. जुनी सुती ओढणी फाडून केलेले लोंबते पंख आणि घेरदार बाह्या अशा वेळी चटकन पेट घेतात. कापड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं, अंगासरशी बसणारं निवडा. दिव्यांच्या माळा लावणार असाल तर बटण सेलची डबी स्क्रूने बंद होणारी आहे ना, हे बघा. गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

शाळेत जायचं असेल तर

शाळेचा नियम आधी वाचा. काही शाळा हॅलोविन करतच नाहीत. ज्या करतात तिथे बहुतेक वेळा मुखवटे आणि शस्त्रं चालत नाहीत, मावळ्याची पुठ्ठ्याची तलवारसुद्धा. ती संध्याकाळसाठी ठेवा. पोशाख मुलाला एकट्याने चढवता-उतरवता यायला हवा, बाईंना वर्गभर मुलांच्या गाठी सोडायला वेळ नसतो.

आणखी एक सवय गावीच सोडून या. आपल्याकडे फॅन्सी ड्रेसला चेहऱ्यावर काळा रंग फासून कुणीतरी होणं सर्रास चालत आलंय. अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायची एकोणिसाव्या शतकापासून प्रथा होती आणि ती जखम ताजी आहे. "आमचा हेतू तसा नव्हता" हे तिथे पुरत नाही.

ऐनवेळी

आदल्या आठवड्यात एकदा पूर्ण पोशाख घालून कोपऱ्यापर्यंत चालवून आणा, जिने चढायला लावा, खाली बसायला सांगा. काय तुटतं ते तिथेच कळतं. बूट रोजचेच. निघताना खिशात डक्ट टेप आणि चार सेफ्टी पिना ठेवा.

आणि अर्ध्या वाटेत मूल म्हणणार, आता हे काढ. हा बेतातलाच भाग धरा. रिक्षावाल्या मुलाला जाकिटावर बाबांचा जुना खाकी शर्ट बाह्या दुमडून घाला, खिशाला पुठ्ठ्याचा बिल्ला लावा. खोकं उतरलं की तो रिक्षाचा ड्रायव्हर. रिक्षा मग बाबांनी ढकलायची.