घरी बांधलेल्या लाकडी जेट-बोटीसाठी भरवशाच्या इंजिनाची आखणी

जेट-बोटीला सुकाणू नसते. मागच्या नोझलमधून सुटणारा पाण्याचा झोत डावी-उजवीकडे वळवूनच ती वळते, त्यामुळे इंजिन बंद पडले की वेगाबरोबर दिशेवरचा ताबाही जातो. मांडव्याच्या वाटेवर ओहोटीच्या ओढीत असे झाले तर काय होईल, हे कोणत्याही तांडेलाला सांगावे लागणार नाही. म्हणून इंजिनातून किती अश्वशक्ती निघेल याआधी ते भाराखाली तासन्‌तास चालेल का, हे ठरवावे.

आखणीची सुरुवात इंपेलरपासून, म्हणजे जेट युनिटमध्ये पाणी ओढून मागे फेकणाऱ्या पात्यांच्या चाकापासून करावी. इंपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते; मिनिटाला ४००० फेऱ्यांवर १२० अश्वशक्ती घेणारा इंपेलर ३००० फेऱ्यांवर जेमतेम ५१ घेतो. जेट युनिटच्या उत्पादकाकडून त्याचा शक्ती-आलेख मिळवावा आणि त्याच कागदावर आपल्या इंजिनाचा आलेख काढावा. दोन्ही रेषा जेथे छेदतात तेवढ्याच फेऱ्या पूर्ण थ्रॉटलवर मिळतील. हा बिंदू इंजिनाच्या कमाल शक्तीच्या फेऱ्यांपेक्षा थोडा खाली असावा, असे माझे ठाम मत आहे. मोटारीचे इंजिन सपाट रस्त्यावर आपल्या क्षमतेच्या लहानशा भागावर चालते आणि उतारावर विसावते. बोटीत त्याला तशी उसंत कधीच मिळत नाही.

कुर्ल्याच्या बाजारातून जुने इंजिन घेतले तर बाहेरून स्वच्छ दिसते म्हणून ते तसेच बसवू नये. सिलिंडरचे बोअर (आतले व्यास) आणि क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मोजून घ्यावेत, बेअरिंग, रिंग आणि ऑइल पंप नवे घालावेत, आणि वळणावर तेल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडू नये म्हणून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्यात, आडपडदे बसवावेत. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मूळचाच ठेवावा. शर्यतीच्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह अधिक काळ एकत्र उघडे राहतात आणि मंद फेऱ्यांवर एक्झॉस्टमध्ये थंडाव्यासाठी सोडलेले पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाण्याचा धोका असतो. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते) ९ च्या आसपास पुरे. कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोलमधील इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, आणि पातळ मिश्रणावर सतत भार म्हणजे जळालेले पिस्टन. त्यामुळे कार्ब्युरेटरमधला इंधनाचा जेट (बारीक छिद्राचा भाग) बदलून मिश्रण पुन्हा जुळवावे. इथेनॉल ओलावाही ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात बोट वर काढताना टाकी रिकामी करावी.

सर्वाधिक विचार थंडाव्याचा करावा. मुंबईचे पाणी खारे, गढूळ आणि पावसाळ्याआधी तिशीच्या आसपास तापलेले असते. ते थेट ब्लॉकमध्ये फिरवू नये. इंजिनात कूलंट फिरवून त्याची उष्णता क्युप्रोनिकेलच्या (तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या) हीट एक्स्चेंजरमधून समुद्राच्या पाण्याला द्यावी. मुंबईत जहाजे मोडतात त्या दारूखान्यात जहाजांवरचा जुना एक्स्चेंजर मिळू शकतो, पण दाबाची चाचणी घेतल्याशिवाय तो वापरू नये. थंडाव्याचे पाणी जेटच्या दाबावरून घेण्याची सोय सोपी वाटते. मात्र मंद फेऱ्यांवर तो दाब अपुरा पडतो, म्हणून वेगळा पंप आणि सहज उघडता येईल अशी गाळणी लावावी. इतर धातूंऐवजी स्वतः गंजून झिजणारे झिंकचे अॅनोड वेळेवर बदलावेत आणि प्रत्येक सफरीनंतर गोड्या पाण्याने खाऱ्या पाण्याचा मार्ग धुवावा.

आपल्या खाड्यांत प्लास्टिकच्या पिशव्या हा खरा शत्रू आहे. पिशवी जेटच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या जाळीवर बसली की इंपेलरला पाणी मिळत नाही, भार सुटतो आणि फेऱ्या क्षणात भडकतात. तेव्हा फेऱ्यांना मर्यादा घालणारे रेव्ह लिमिटर अनिवार्य समजावे. बोटीत बसूनच कचरा काढता येईल असे झाकण पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे.

लाकडी तळाला इंजिनाचे वजन एका जागी सोसत नाही. सागाच्या लांब बेडवरून ते तळाच्या बऱ्याच भागावर पसरवावे. प्लायवूड आयएस ७१० (सागरी प्लायवूडचे भारतीय मानक) दर्जाचे आणि प्रत्येक छिद्राची कड इपॉक्सीने बंद केलेली असावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते. म्हणून मोटारीचे स्टार्टर आणि अल्टरनेटर न वापरता ठिणगी बाहेर न पडणारे सागरी प्रकारचेच घ्यावेत, कार्ब्युरेटरवर ज्वाळा बाहेर येऊ न देणारा फ्लेम अरेस्टर बसवावा, आणि इंजिन सुरू करण्याआधी किमान चार मिनिटे वाफ बाहेर काढणारा ब्लोअर (पंखा) चालवावा. नोंदणी व तपासणीबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाकडे इंजिन बसवण्यापूर्वीच विचारणा करावी, कारण नंतर बदल करणे फार महाग पडते.

पहिली चाचणी भांगाच्या (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असलेल्या) दिवशी, प्रवाह कमी असताना आणि दुसरी बोट सोबत घेऊन करावी. तेलाचा दाब, कूलंटचे तापमान आणि पूर्ण थ्रॉटलवरच्या फेऱ्या लिहून घ्याव्यात. फेऱ्या आलेखावरच्या छेदबिंदूपेक्षा कमी आल्या तर इंजिन पूर्ण शक्ती देत नाही, तेव्हा इग्निशन आणि इंधन तपासावे. जास्त आल्या तर इंपेलर झिजला आहे किंवा जेट हवा ओढत आहे, तेव्हा इंपेलरभोवतीची फट आणि तोंडाचा जोड पाहावा.