फुटबॉलपटूची राष्ट्रीय कारकीर्द अकाली का संपते? या चुका टाळा

सतरा किंवा एकोणीस वर्षांखालील स्पर्धांत ज्यांचा खेळ पाहून प्रेक्षक जागेवरून उठतात, त्यांपैकी फार थोडे खेळाडू पंचविशी ओलांडल्यावर राष्ट्रीय संघाच्या यादीत उरतात. जे उरत नाहीत त्यांच्याबद्दल बोलताना लोक नशिबाला किंवा निवडीतल्या राजकारणाला दोष देऊन मोकळे होतात. ही कारणे कधी कधी खरीही असतात. पण तरुण खेळाडूंना घडवण्याच्या कामात मला सतत दिसत आले आहे ते वेगळेच आहे. अंगात गुण असतात, कष्टांची तयारी असते, आणि तरीही खेळाडूला, त्याच्या घरच्यांना आणि त्याच्या एजंटला प्रत्येक गोष्ट वेळेआधी हवी असते. पुढच्या बहुतेक चुका या घाईतूनच जन्माला येतात.

राष्ट्रीय संघाचे काम कसे चालते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू वर्षातून मोजक्या वेळा येतात, तेही जेमतेम दहा दिवसांसाठी, आणि त्या दिवसांतही बहुधा दोन सामने असतात. पहिला दिवस क्लबच्या सामन्याचा थकवा घालवण्यात जातो, एखादा प्रवासात, एखादा सामन्यानंतरच्या विश्रांतीत; पूर्ण ताकदीने सराव होईल अशी सत्रे तीन-चार मिळाली तरी प्रशिक्षक स्वतःला सुदैवी समजतो. एवढ्या वेळात तो कोणाचा डावा पाय सुधारू शकत नाही, कोणाचा स्नायू बरा करू शकत नाही आणि कोणाला नवी जागा शिकवू शकत नाही. तो फक्त त्या दिवशी तयार असलेला खेळाडू निवडतो. वेळ लागणारी सगळी कामे क्लबमध्येच पुरी व्हावी लागतात, आणि तिथे ज्याने आडवाट पकडली त्याची उणीव राष्ट्रीय संघात पहिल्या अर्ध्या तासात उघडी पडते.

दुखणे थांबले म्हणजे दुखापत बरी झाली, असे समजणे

या चुकीवर मी सर्वाधिक लिहिणार आहे, कारण तिच्यामुळे वाया गेलेली गुणवत्ता मी सर्वाधिक पाहिली आहे.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूच्या तीन स्नायूंचा गट. पूर्ण वेगाने धावताना पुढे झेपावलेला पाय जमिनीवर टेकण्याच्या क्षणभर आधी हे स्नायू ताणले जात असतानाच त्या पायाला आवर घालत असतात, आणि बहुतेक वेळा ते फाटतात ते याच क्षणी. दुखापतीनंतर काही दिवसांत चालताना दुखत नाही, मग हळू धावतानाही दुखत नाही, आणि इथेच खेळाडू फसतो. वेदना आधी जाते. ताकद त्यानंतर बऱ्याच उशिराने परतते. मधल्या काळात तो स्नायू सरावातल्या ऐंशी टक्के वेगाला पुरतो आणि सामन्यातल्या शंभर टक्के वेगाला फाटतो. पुनरागमनानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तीच दुखापत पुन्हा होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, हे प्रत्येक फिजिओ जाणतो आणि प्रत्येक अधीर खेळाडू विसरतो.

माझ्या हाताखाली एक डाव्या बाजूने खेळणारा विंगर होता. चेंडू पायाशी असताना त्याचा वेग कमी होत नसे, आणि हा गुण दुर्मीळ आहे. राष्ट्रीय युवा संघाच्या शिबिराच्या यादीत त्याचे नाव आले, तेव्हा त्याच्या उजव्या हॅमस्ट्रिंगची दुखापत जेमतेम आवरली होती. मी त्याला पालथे झोपवले, गुडघा थोडा वाकवायला सांगितला आणि टाचेवर हाताने दाब दिला. डावा पाय घट्ट उभा राहिला. उजवा थरथरला आणि हळूहळू खाली गेला. मग मैदानावर पूर्ण वेगाच्या धावा घेतल्या. पहिल्या दोन स्वच्छ होत्या. तिसऱ्या धावेत त्याचे उजवे पाऊल आखूड पडू लागले आणि धड डावीकडे झुकले. "सर, खरंच काही दुखत नाही," तो म्हणाला, आणि त्यात खोटे काही नव्हते. मी त्याला म्हटले, "दुखत नाही हे मान्य आहे. पण हा पाय अजून तुझ्या वेगाचा झालेला नाही."

त्याला थांबवणारा मी एकटा होतो आणि पाठवणारे अनेक होते. एजंटचे म्हणणे असे की अशी संधी पुन्हा येत नाही. घरच्यांना आधीच अभिनंदनाचे फोन येऊन गेले होते. तो गेला, शिबिराच्या वैद्यकीय पथकाला जुन्या दुखापतीबद्दल काहीही बोलला नाही, आणि पहिल्याच सराव सामन्यात बचावपटूंच्या मागे सुटलेल्या चेंडूवर झेपावताना तोच स्नायू फाटला. या वेळी जखम स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडराजवळ होती. अशा जखमा भरायला साध्या फाटण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि त्याचा उरलेला हंगाम त्यातच गेला. त्याच्या जागी बोलावलेल्या मुलाने ती जागा पक्की केली. प्रशिक्षकाने माझ्या विंगरला पुन्हा कधी बोलावले नाही. त्याच्या खेळाबद्दल कोणाला शंका नव्हती, पण दुखापत लपवणारा खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली होती आणि ती पुसायला पुढचे शिबिर मिळालेच नाही.

मोठ्या नावांतले सर्वांत बोलके उदाहरण मायकेल ओवेनचे आहे. 1998 मध्ये अठराव्या वर्षी त्याने इंग्लंडकडून पदार्पण केले आणि त्याच वर्षी विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध अर्धे मैदान कापत जाऊन गोल केला. एप्रिल 1999 मध्ये लीड्स येथे लिव्हरपूलकडून खेळताना त्याची हॅमस्ट्रिंग फाटली. त्या वयातच त्याच्यावर मोठ्या माणसांच्या सामन्यांचा पूर्ण भार होता. 2001 मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर पुरस्कार मिळाला, म्हणून लोकांना वाटले की सारे ठीक आहे. त्याने स्वतः मात्र पुढे जाहीरपणे सांगितले आहे की त्या दुखापतीनंतर पूर्वीचा वेग कधीच परतला नाही. स्नायूंच्या तक्रारी सुरूच राहिल्या, 2006 च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा गेला, आणि मार्च 2008 मध्ये फ्रान्सविरुद्धचा सामना त्याचा इंग्लंडकडून शेवटचा ठरला. 89 सामने आणि 40 गोल ही कमाई मोठीच आहे. पण तेव्हा तो फक्त अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि आघाडीपटूची उत्तम वर्षे त्याच सुमारास सुरू असतात. जॅक विल्शरचे तर त्याहून लवकर झाले. 2010-11 च्या हंगामात एकोणीस वर्षांच्या या मुलाने आर्सेनलसाठी सामन्यांमागून सामने खेळले, पुढचा पूर्ण हंगाम घोट्याच्या दुखापतीत गेला, आणि 2016 च्या युरोमध्ये, म्हणजे युरोपीय देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेत, आइसलंडविरुद्ध तो इंग्लंडकडून शेवटचा खेळला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

माझी पद्धत पुस्तकी नाही, पण मी ती सोडत नाही. दोन्ही पायांची ताकद सारखी होईपर्यंत आणि थकलेल्या अवस्थेतही पूर्ण वेगाच्या धावा अनेक दिवस स्वच्छ निघेपर्यंत मी खेळाडूला सामन्यात उतरवत नाही. नॉर्डिक व्यायाम, म्हणजे घोटे धरून ठेवलेले असताना गुडघ्यांवरून पुढे सावकाश झुकत जाणे, हा माझ्या खेळाडूंना दुखापत नसतानाही हंगामभर करावा लागतो. त्याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून पुरेसे सिद्ध झाले आहे, आणि तरीही कंटाळवाणा म्हणून सर्वांत आधी तोच टाळला जातो. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत सामन्याचे नावही काढू नये. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन निवड चाचणीला उतरण्याचा सल्ला देणारा माणूस खेळाडूचा हितचिंतक नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि शिबिराला जाताना अलीकडच्या प्रत्येक दुखापतीची माहिती क्लबच्या फिजिओकडून राष्ट्रीय संघाच्या फिजिओकडे लेखी जायलाच हवी.

नाव पाहून क्लब निवडणे

दुसरी चूक एका सहीची असते. एक चांगला हंगाम होतो, मोठ्या क्लबचे बोलावणे येते, आणि आपल्या जागेवर तिथे आधीच कोण खेळतो आहे हे न विचारता करार होतो. मग राखीव बाकावर हंगाम जातो, नंतर लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना दिलेला खेळाडू म्हणून, एका देशात, पुन्हा लोनवर दुसऱ्या देशात. दर वेळी भाषा नवी, प्रशिक्षक नवा, खेळण्याची पद्धत नवी. सामन्यात चेंडू येण्याआधीच मान वळवून आजूबाजूला पाहणे आणि दबावाखाली पहिल्याच स्पर्शात निर्णय घेणे, या गोष्टी सामने खेळूनच टिकतात. सरावाने त्यांची भरपाई होत नाही.

फ्रेडी आडू 2004 मध्ये चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि सोळाव्या वर्षी देशाकडून खेळला. 2007 मध्ये तो पोर्तुगालच्या बेनफिका क्लबकडे गेला, तिथे पाय रोवता आले नाहीत, आणि मोनाको, बेलेनेन्सेस, आरिस, रिझेस्पोर अशी भटकंती सुरू झाली. 2011 च्या गोल्ड कपच्या, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात मेक्सिकोविरुद्ध तो अमेरिकेकडून शेवटचा खेळला. वय बावीस, एकूण 17 सामने. चौदा वर्षांच्या मुलाला पुढचा पेले म्हणून जगापुढे उभे करणारी माणसे त्याच्या घसरणीचा हिशेब देत नाहीत, याचा मला आजही राग येतो.

याच्या शेजारी मिरोस्लाव्ह क्लोजे ठेवून पाहावा. विसाव्या वर्षी तो जर्मनीच्या खालच्या श्रेणीतल्या क्लबमध्ये खेळत होता आणि राष्ट्रीय संघात आला 2001 मध्ये. विश्वचषकातले 16 गोल आणि 2014 चे जगज्जेतेपद त्याने छत्तिसाव्या वर्षापर्यंत खेळून मिळवले. प्रत्येक पायरीवर तो नियमित खेळला.

करार पुढ्यात आला की मी खेळाडूला काही प्रश्नांची उत्तरे मिळवायला लावतो. तुझ्या जागेवर खेळणाऱ्याचे वय काय आणि त्याचा करार किती उरला आहे? या प्रशिक्षकाने गेल्या हंगामात एकवीस वर्षांखालच्या किती खेळाडूंना सुरुवातीपासून उतरवले? तो प्रशिक्षक उद्या गेला, तर तू क्लबमध्ये हवास असे वाटणारा दुसरा कोण आहे? एजंटकडे ही उत्तरे नसतील तर त्याने फक्त रकमेची बोलणी केली आहेत, असे समजावे.

शरीर लवकर वाढले, त्यालाच कौशल्य मानणे

पंधराव्या वर्षी मिशी फुटलेला, इतरांपेक्षा डोक्याने उंच मुलगा बचावपटूंना केवळ वेगाने मागे टाकतो, आणि त्याला कोणी दुसरे काही शिकवत नाही, कारण संघ जिंकत असतो. विशीपर्यंत बाकीचे शरीराने त्याला गाठतात. मग त्याच्याकडे कमकुवत पाय, पाठमोरा चेंडू घेणे, जागा ओळखून धावणे यातले काहीच उरलेले नसते. अशा मुलाला मी मोठ्या वयोगटाबरोबर सराव करायला लावतो, म्हणजे अंगबळ चालत नाही. पालकांना हे आवडत नाही, कारण तिथे त्याचे गोल कमी होतात.

मनाचा ताण लपवणे

बोयान क्र्किच सतरा वर्षांचा असताना, फेब्रुवारी 2008 मध्ये, फ्रान्सविरुद्ध स्पेनकडून पदार्पण करणार होता. सामन्याआधी त्याला चिंतेचा झटका आला, आणि बाहेर मात्र पोटाचे दुखणे म्हणून सांगण्यात आले. त्या वर्षीच्या युरोसाठी त्याने नकार दिला, तेव्हा खरे कारण ठाऊक नसलेल्या लोकांनी त्याला बेफिकीर ठरवले. त्या सप्टेंबरमध्ये आर्मेनियाविरुद्ध खेळलेला सामना हा त्याचा स्पेनकडून एकमेव सामना राहिला. खरी हकिकत त्याने अनेक वर्षांनी सांगितली. जर्मनीचा सेबास्टियन डाइस्लर गुडघ्याच्या दुखापती आणि नैराश्य यांच्याशी झुंजत 2007 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला. झोप उडणे, सामन्याआधी छाती दडपणे, सरावाला जावेसे न वाटणे ही लक्षणे स्नायूच्या दुखण्याइतक्याच तत्परतेने डॉक्टरांपुढे मांडली पाहिजेत, आणि प्रशिक्षकांनी खोटी कारणे पुढे करून खेळाडूला आणखी एकटे पाडू नये.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

प्रशिक्षकाशी भांडण चव्हाट्यावर नेऊ नका. बर्न्ड शूस्टर 1980 च्या युरोविजेत्या पश्चिम जर्मन संघाचा विसाव्या वर्षीचा तारा होता. वादांनंतर चोविसाव्या वर्षीच त्याने राष्ट्रीय संघ सोडला. त्याचे सामने भरले फक्त 21, आणि 1990 चा विश्वचषक संघाने त्याच्याशिवाय जिंकला.

एकाच जागेवर खेळण्याचा हट्ट धरू नका. तेवीस-सव्वीस जणांच्या चमूत दोन जागा सांभाळणाऱ्याला नेहमी प्राधान्य मिळते.

दोन देशांकडून खेळण्याचा हक्क असेल तर पहिल्या बोलावण्याला भाळून मैदानात उतरू नका. मुनीर एल हद्दादी 2014 मध्ये पात्रता फेरीच्या एका सामन्यात स्पेनकडून काही मिनिटे खेळला आणि त्यामुळे मोरोक्कोसाठी बंद झाला. 2018 चा विश्वचषक हुकला. फिफाने 2020 मध्ये नियम सैल केल्यावर 2021 मध्ये तो मोरोक्कोकडून खेळू शकला. नियम आजही अटींचे आहेत, तेव्हा सामना खेळण्याआधी ते जाणकाराकडून समजून घ्या.

संघातून वगळल्यावर समाजमाध्यमांवर सूचक वाक्ये टाकू नका. त्या आठवड्यात राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला स्वतः फोन करा, नेमके काय कमी पडले ते विचारा, उत्तर लिहून घ्या आणि क्लबच्या प्रशिक्षकाबरोबर त्यावर काम सुरू करा. जर्मनीच्या मारिओ गोत्झेने 2014 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल बावीस वर्षांचा असताना केला. चयापचयाच्या विकारामुळे 2017 मध्ये तो काही महिने खेळाबाहेर होता आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरनंतर संघातूनही गेला. त्यानंतर त्याने आइंडहोवन आणि मग फ्रँकफर्ट असे नियमित खेळायला मिळणारे क्लब निवडले आणि जरा मागे येऊन मधल्या फळीत खेळू लागला. पाच वर्षांनी, 2022 च्या विश्वचषकासाठीच्या जर्मन चमूत त्याचे नाव पुन्हा होते.