बाळाची गोटी खाली उतरली नसेल तर

वॉर्डात सिस्टर होते तेव्हा प्रत्येक नव्या आईला सांगायची, आंघोळीच्या वेळी बघत जा. कोमट पाण्यात बाळ निवांत असताना पिशवीत दोन्ही गोट्या, म्हणजे वृषण, हाताला लागतात का? थंडीनं वर सरकून परत खाली येणारी गोटी वेगळी. तिला सहसा ऑपरेशन लागत नाही, पण वर्षातून एकदा दाखवून घ्यायची.

गोटी पिशवीत लागतच नसेल, तर बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत वाट बघा. त्यानंतर ती आपोआप उतरायची आशा कमीच. मग लहान मुलांचा सर्जन गाठायचा. नागपुरात मिहानच्या एम्समध्ये तसा विभाग आहे. डॉक्टर हातानंच तपासतात, सोनोग्राफी बहुधा लागत नाही. ऑपरेशन साधारण ६ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. "मोठा झाला का बघू" म्हणणाऱ्या सासूबाईंना नमस्कार करा अन् तारीख घेऊन टाका. उशीर झाला तर पुढं मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, कॅन्सरचा धोकाही वाढतो.

भुलीआधी वरचं दूध अन् खाणं ६ तास, अंगावरचं दूध ४ तास बंद. आजोबांनी लाडानं संत्र्याची फोड चारली, तर ऑपरेशन पुढं ढकललं समजा!

जांघेत छोटा छेद घेऊन गोटी पिशवीत आणून बसवतात. बहुतेक पोट्टे संध्याकाळी घरी. नंतर सैल सुती कपडे घाला. नागपूरच्या मे महिन्यात घामानं जखम ओली राहते, म्हणून कूलरच्या खोलीत ठेवा. दोन आठवडे तीनचाकी बंद, कडेवर पाय फाकवून घेणंही नाही. ताप, पू किंवा वाढती सूज दिसली तर थेट दवाखाना.